वेबसाइटवरून पेशंट का येत नाहीत?

प्रश्न : कर्वे पुतळ्याजवळ दीड वर्षापूर्वी दवाखाना सुरू केला. वेबसाइटही करून घेतली, पण ती पाहून कुणी येत नाही. जाहिरात वाढवू का? – एक डॉक्टर, कोथरूड

उत्तर : डॉक्टर, तुमची वेबसाइट मी फोनवर उघडली. आधी हसऱ्या परदेशी जोडप्याचा फोटो, मग तुमच्या पदव्या, आणि वेळ अगदी तळाशी, बारीक इंग्रजीत. फोन नंबर तर फोटोतच छापलाय. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. ताप आलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेली आई कागदावर नंबर उतरवणार का?

मागच्या पावसाळ्यात आईचे गुडघे दुखत होते म्हणून वेबसाइटवरची वेळ बघून तिला एका दवाखान्यात नेलं. दोन जिने चढलो, तर दाराला कुलूप! वेळ बदलून महिने झाले होते. परत तिथे गेलो नाही.

म्हणून वेळ, तपासणी फी, जिना की लिफ्ट, गाडी कुठे लावायची, हे सगळं मराठीत अगदी वर लिहा. दवाखान्याच्या दाराचा खरा फोटो टाका. गुगल मॅपवरची खूणही तपासा, कारण बरेच जण तिथूनच येतात.

जाहिरातीचं मात्र जपून. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत जाहिरात करून पेशंट ओढायला मनाई आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, अशी साधी सूचना चालते. ‘हमखास बरे करू’ हे वाक्य वेबसाइटवर आहे, ते आजच काढा.