आळंदीला जायचं तर माळशेजवरून

प्रश्न : ताई, मी कळव्यात राहतो, वय ५३. दर रविवारी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत सायकलवर जाऊन येतो. यंदा आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर सायकलने जावं असं फार मनात आहे. ठाण्याहूनच सायकलवर निघावं का? घाट झेपेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : निघा ठाण्याहूनच, घाटही झेपेल. फक्त पालखीबरोबर सायकल नेऊ नका. पालखी दिवेघाटात असते त्या दिवशी तिथे गाड्यांना रस्ता बंद असतो. दिंड्या रस्ता भरून चालत असतात. त्यातून सायकल ढकलत न्यायची म्हणजे आपण धड वारकरी नाही, धड सायकलवाले नाही. माझ्या सासूबाई दिंडीत चालायच्या. मागून घंटी वाजवत येणाऱ्या सायकलवाल्यांबद्दल त्या जे बोलायच्या ते या मासिकात छापता येणार नाही.

वारी करायची तर पायी करा. सायकलने जायचं तर कार्तिक वद्यातली आळंदीची यात्रा उरकू द्या आणि मग थंडीत निघा. रस्ता मोकळा असतो, देवळात निवांत बसता येतं.

आता रस्ता. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, म्हणून बहुतेक जण पनवेल-खोपोली करत जुन्या हायवेने बोरघाट चढतात. ठाणेकरांनी असं का करावं, मला कळत नाही. आपल्याला माळशेज आहे. शिवाय त्या रस्त्यावर ज्ञानदेवांच्या वाटेवरचं एक गाव लागतं, ते खोपोलीवाल्यांच्या नशिबात नाही.

कल्याणहून शहाडला या. तिथल्या बिर्ला मंदिरात विठ्ठलच आहे, त्यामुळे सुरुवातीलाच दर्शन होतं. पुढे रायत्याला उल्हास नदीचा पूल, मग गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. मुरबाडपर्यंत वाहनं फार, तेवढा पट्टा उजाडता उजाडता मागे टाका. पहिला मुक्काम घाटाच्या पायथ्याशी, मोरोशीला करा. भैरवगडला येणाऱ्या ट्रेकर्समुळे तिथे घरगुती जेवणाची आणि झोपायची सोय होते, आधी फोन करून ठेवायचा. पहिल्याच दिवशी घाट चढून जायचा मोह होईल, पण दुपारच्या उन्हात, पायांत दिवसभराचे किलोमीटर घेऊन घाट चढण्यात काही शौर्य नाही.

पहाटे ताज्या पायांनी निघालात की माळशेज वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. चढ लांब आहे पण अंगावर येणारा नाही, माथा साधारण सातशे मीटरवर. आत छोटा बोगदा आहे, मागचा लाल दिवा चालू ठेवूनच त्यात शिरा. पावसाळ्यात इथे दरडी येतात, हेही आषाढीला न जाण्याचं एक कारण. माथ्यावर गेलात की हवा बदलते. खुबी फाट्यावर चहा प्या, डावीकडे हरिश्चंद्रगडाचे कडे, पुढे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. तिथून ओतूरपर्यंत सायकल जवळजवळ आपणच पळते. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानतात. तिथे थोडं थांबा आणि मुक्कामाला ओझरला या. विघ्नेश्वराच्या देवस्थानाचं भक्तनिवास आहे. लेण्याद्री जवळच, पण तिथे तीनशेवर पायऱ्या आहेत, तेव्हा मांड्यांना विचारून ठरवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांत बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचा आणि पहाटेच्या अंधारात उसातल्या आडरस्त्याने एकटे निघू नका.

तिसऱ्या दिवशी आळे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात तो रेडा, ते आणि त्यांची भावंडं आळंदीकडे परतताना इथे वारला, आणि ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली अशी परंपरा आहे. ते देऊळ आळेफाट्याजवळच आहे. रेड्याच्या समाधीपुढे हात जोडणारे लोक आपण, याचा मला फार अभिमान वाटतो. तिथून पुणे-नाशिक हायवे लागतो. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर इथे बाह्यवळणं झाल्यापासून ट्रक बाहेरून जातात, तुम्ही गावातल्या जुन्या रस्त्याने जा. मुक्काम राजगुरुनगरला करा, म्हणजे चाकणची कारखान्यांची गर्दी सकाळी लवकर ओलांडता येईल. चाकणचा हा दिवस रविवारी पडेल असं बघा. चाकणच्या पुढे आळंदी फाट्यावर डावीकडे वळलात की इंद्रायणी दूर नाही.

आळंदीपासून पंढरपूरचं वेळापत्रक पालखीच्याच मुक्कामांवर बसवा. पायी चालणाऱ्यांच्या तीन-चार मजला म्हणजे सायकलचा एक दिवस. पुणे ते सासवड ही पालखीची सगळ्यात लांब मजल, त्यातच दिवेघाट. तो चढून जेजुरीला राहा. दुसरा मुक्काम फलटण. वाटेत वाल्हे, नीरा, लोणंद आणि पहिलं उभं रिंगण होतं ते चांदोबाचा लिंब. तिसरा वेळापूर, मग वाखरीवरून पंढरपूर. पालखी मार्ग आता रुंद झालाय, त्यामुळे गाड्या सुसाट असतात आणि सावली कमी. पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या हव्यात.

प्रश्न : पाम बीच रोडवर मी ५० किलोमीटर सहज करते, पण बेलापूरला पारसिक हिल चढताना दम लागतो आणि गुडघे दुखतात. मैत्रिणींबरोबर दिवेघाट करायचा आहे. नवी सायकल घ्यावी का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : पाम बीच सपाट आहे, त्यावरून घाटाचा अंदाज करू नका. आणि दुकानात जायच्या आधी सायकल उलटी करून दात मोजा. पुढच्या सगळ्यात लहान दातेरी चाकाला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला २८ दात असतील, तर सामानासह घाट चढताना गुडघे बोलणारच. मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संच, सगळ्यात मोठं चाक ३२ किंवा ३४ दातांचं असेल अशी करून घ्या. तुमच्या डिरेल्युअरला, म्हणजे गिअर बदलताना साखळी हलवणाऱ्या भागाला, ती चालेल का, एवढं मेकॅनिकला आधी विचारा. नव्या सायकलीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

मग सीट बघा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी थोडीच हलवायची. सूज असेल तर मात्र पाना ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. चढावर हलका गिअर दम लागायच्या आधीच टाकायचा, पाय भरभर फिरले पाहिजेत. सामान पाठीवर नको, कॅरिअरवर बांधा.

सराव पारसिक हिललाच करा, नाहीतर खारघरच्या टेकडीवर. उताराचाही सराव लागतो, हे कोणी सांगत नाही. ब्रेक सतत आवळून धरले की रिम तापतात. दाबा, सोडा, दाबा, सोडा. आणि मध्येच उतरून सायकल ढकललीत तर मैत्रिणी काय म्हणतील याची काळजी करू नका, त्यांनाही तेच हवं असतं.

प्रश्न : पुढच्या वर्षी शिक्षणासाठी स्पेनला जातोय. तिथली सँटियागोची यात्रावाट सायकलने करता येते का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : येते. प्रमाणपत्रासाठी चालणाऱ्याला शेवटचे १०० किलोमीटर पुरतात, सायकलवाल्याला २०० लागतात. म्हणून तुझ्यासारखे बरेच जण पोनफेराडाहून निघतात. पुढे ओ सेब्रेइरोचा चढ साधारण तेराशे मीटरवर जातो, म्हणजे माथा माळशेजच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. वर दिलेला गिअरचा सल्ला तुलाही लागू. सरकारी धर्मशाळांत पायी येणाऱ्यांना आधी जागा देतात, सायकलवाल्याला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. खासगी ठिकाणी आधी सांगून ठेव. सेंट जेम्सचा, म्हणजेच सँटियागोचा, सण २५ जुलैला असतो. तो रविवारी आला की पवित्र वर्ष धरतात, तसं २०२७ मध्ये आहे. त्या वर्षी गर्दी वाढेल, म्हणून जमलं तर आधी किंवा नंतर जा. यात्रेकरूचं पुस्तक निघतानाच घे, त्यावर सायकलची नोंद करून घे आणि रोज दोन शिक्के मारून घ्यायला विसरू नकोस.