घोटा जखडायचाच का?

प्रश्न : माझं वय ४७. कॉलेजात फुटबॉल खेळताना उजवा घोटा मोडला होता, प्लास्टरने जुळला. आता घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं, जिना उतरताना जास्तच. एक्स-रेत झीज दिसली आणि 'सांधा जखडून टाकू', म्हणजे हाडं एकमेकांना कायमची जोडू, असा सल्ला मिळाला. घोटा हलता ठेवून काही करता येईल का?

उत्तर : कदाचित येईल. पण आधी एक काम करा, रोजचे बूट उलटे करून तळवे बघा. उजव्या बुटाची बाहेरची कड जास्त झिजली असेल, तर टाच आत वळलेली असण्याची शक्यता आहे. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं, पण सांध्यातला भार आतल्या बाजूला एकवटतो आणि दुखतं तिथेच. गुडघा बहुधा वयाने झिजतो. घोट्याची झीज मात्र बहुतेकदा जुन्या फ्रॅक्चरची किंवा वारंवार मुरगळण्याची देणगी असते.

तुमचा एक्स-रे झोपून काढलेला असेल, तर त्यावरून काहीही ठरवू नका. दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला हवा, शिवाय टाच नडगीच्या रेषेत आहे का ते दाखवणाराही. झोपलेल्या पायाचा वाकडेपणा लपतो.

या झिजेचे टप्पे ठरवायला जपानी डॉक्टर ताकाकुरा यांची वर्गवारी वापरली जाते. एक्स-रेत हाडांमध्ये दिसणारी सांध्याची फट आतल्या बाजूला नुसती अरुंद झाली असेल तर दुसरा टप्पा, फक्त घोट्याच्या आतल्या उंचवट्यापाशी मिटली असेल तर टप्पा ३अ, ती वर सांध्याच्या छतापर्यंत मिटली तर ३ब. दुसऱ्या टप्प्यात किंवा ३अ मध्ये असाल तर ऑस्टिओटॉमीचा विचार जरूर करावा. घोट्याच्या थोडं वर नडगीचं हाड कापतात, पाचरीएवढी फट उघडून तिथे हाडाचा तुकडा भरतात आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करतात. भार बाहेरच्या, अजून शाबूत असलेल्या कूर्चेकडे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराकडे, सरकतो. कधी बाजूचं बारीक हाडही कापावं लागतं. लिगामेंट सैल असेल तर तेही त्याच वेळी दुरुस्त करायला हवं, नाहीतर घोटा पुन्हा लचकत राहतो. साधारण ६ ते ८ आठवडे त्या पायावर पूर्ण भार नाही, तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

दुर्बिणीतून नुसती साफसफाई? पुढच्या बाजूला हाडाचे काटे वाढून पाऊल वर उचलताना अडकत असेल तर उपयोग होतो. वाकडा घोटा त्याने सरळ होत नाही. बाहेरून तारांची चौकट लावून सांधा सुमारे ५ मिलिमीटर ताणून ठेवण्याची पद्धतही आहे. चौकट साधारण ३ महिने पायावर राहते, तारांच्या भोकांत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. तुमच्यासाठी मी आधी तिचं नाव घेणार नाही.

३ब निघालं तर मात्र जखडणं किंवा कृत्रिम सांधा यांचाच विचार करावा लागतो. ऑस्टिओटॉमीनंतर पुढे कधी दुखणं परतलं, तरी ते दोन्ही मार्ग खुले राहतात. सिगारेट ओढत असाल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच सोडा, कापलेलं हाड तिच्यामुळे उशिरा जुळतं.