एक कॅमेरा की तीन? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकाचं चित्रीकरण करायचं आहे. दोन मिररलेस आणि एक हँडीकॅम मिळणार आहे. मागच्या खेपेला चेहरे पांढरेफटक आले आणि जोडताना ओठ व आवाज जुळेनात. तीन कॅमेऱ्यांपेक्षा एकच बरा का? (सांगली)

उत्तर : नाही. प्रयोग कोणासाठी थांबत नाही आणि हुकलेलं वाक्य परत मिळत नाही, त्यामुळे नाटकाला मल्टिकॅमच, म्हणजे एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरेच हवेत. फक्त तीनपैकी एका कॅमेऱ्याला प्रयोग सुरू झाल्यावर कोणी हात लावायचा नाही. तो मधल्या रांगेच्या मागे, ट्रायपॉडवर, दोन्ही विंगांच्या कडा दिसतील इतक्या रुंद चौकटीत लॉक करा. बाकीचे दोघे कुठेही चुकले तरी कापायला ही चौकट हाताशी राहते. त्या दोघांना प्रेक्षागृहातच डावी-उजवीकडे बसवा, लेन्स नटांच्या नजरेच्या उंचीला. एक कॅमेरा विंगेत ठेवायचा मोह अनेकांना होतो. पण समोरासमोर बोलणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी रेषा विंगेतूनच जाते. कॅमेरा त्या रेषेपलीकडे हातभर सरकला की पात्रांच्या नजरा उलट्या दिशेला जातात आणि संकलनात दोघं एकाच बाजूला बघत बोलताना दिसतात.

पांढरे चेहरे हा ऑटो एक्सपोजरचा प्रताप. मागे काळा पडदा, त्यापुढे स्पॉटमध्ये एक चेहरा. कॅमेरा सरासरी काढतो, त्याला सगळं काळोखं वाटतं, म्हणून तो उजेड वाढवतो आणि नाकडोळे पुसले जातात. तिन्ही कॅमेरे मॅन्युअलवर घ्या : सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. प्रकाशयोजनाकाराकडून नाटकातला सगळ्यात प्रखर प्रसंग आधी लावून घ्या, तिथे कोणालातरी उभं करा आणि चेहऱ्यावर झेब्राचे पट्टे (जास्त उजेडाची पडद्यावरची खूण) दिसेनासे होईपर्यंत आयएसओ कमी करा किंवा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करा. मंद प्रसंग मग थोडे काळपट येतील, पण काळपट वर उचलता येतं, जळलेलं नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा आकडा, तिघांचा एकच. हॅलोजन असतील तर 3200 केल्विन. एलईडी पार (रंगमंचाचे गोल डबेवजा दिवे) असतील तर साध्या पांढऱ्या उजेडात पांढरा कागद धरून एकदा मोजा आणि तोच आकडा तिन्हींत भरा. हँडीकॅमचा रंग तरीही वेगळा येईल, म्हणून त्याला रुंद चौकटीचं काम द्या, क्लोज मिररलेसवर. ऑटोफोकसही बंद, नाहीतर प्रत्येक ब्लॅकआउटनंतर लेन्स दोन सेकंद चाचपडत राहते.

आता ओठ. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो आणि 25 फ्रेममध्ये एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. म्हणजे रंगमंचापासून 14 मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकला आवाज एक फ्रेम उशिरा पोचतो, 28 मीटरवर दोन. सॉफ्टवेअरने आवाजावरून क्लिप जुळवल्या की आवाज बिनचूक जुळतो आणि चित्र तेवढंच सरकतं. म्हणून जुळवून झाल्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र एकदोन फ्रेम हलवून पाहा. टाळी किंवा दार आपटण्याची जागा यासाठी उत्तम. कॅमेऱ्यांचा आवाज फक्त जुळवण्यापुरता. खरा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या : नाट्यगृहाच्या साउंड मिक्सरची एक लाइन, शिवाय रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन माइक. मिक्सरची वायर रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावली तर आवाज फाटतो. सेटिंग ‘लाइन’ करा आणि पातळीचं टोक उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा.

सुरुवातीला जुळलेलं शेवटी सुटत असेल, तर ती घड्याळांची गोष्ट. प्रत्येक यंत्राचा आतला क्रिस्टल किंचित पुढेमागे चालतो. दर दहा लाखांत फक्त 20 चा फरक धरला तरी दोन तासांत 0.144 सेकंद होतात, म्हणजे साडेतीन फ्रेम. उपाय सोपा : अंक वेगळे करा, आणि मोठ्या अंकात प्रवेशागणिक कापून नव्याने जुळवा.

आणखी एक खोड. जुने मिररलेस आणि डीएसएलआर 29 मिनिटं 59 सेकंदांवर आपणहून थांबतात. दोन्ही एकाच क्षणी सुरू केलेत तर दोन्ही एकाच क्षणी बंद पडणार, तेही नेमके रंगलेल्या प्रवेशात. दुसरा दहा मिनिटं उशिरा सुरू करा. कार्डाचा हिशेब : 50 मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. अडीच तासांचे 56 जीबी झाले, तेव्हा 64 च्या कार्डावर जीव टांगणीला लावू नका, 128 चं घ्या.

प्रश्न : पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय. मित्र म्हणतो, दुसरा कॅमेरा आण, निम्म्या वेळात होईल. खरं का? (पुणे)

उत्तर : निम्म्या नाही. दोन माणसांचा दोन पानी प्रसंग घ्या : एक मास्टर (अख्खा प्रसंग रुंद चौकटीत), दोन सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), दोन क्लोज, असे पाच सेटअप. यात वेळ खातो तो लाइट हलवण्याचा भाग, कॅमेऱ्याचा नाही. दोन कॅमेरे समोरासमोरच्या बाजूंना लावून दोन्ही चेहरे एकदम घ्यायला गेलात तर एकाच्या चौकटीत दुसऱ्याचा स्टँड येतो, बूमची (दांडीवरच्या माइकची) सावली कुणाच्यातरी कपाळावर पडते आणि ती टाळायला लाइट सपाट करावा लागतो. दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला, शेजारी-शेजारी ठेवा : एकावर सजेशन, दुसऱ्यावर लांब लेन्सने क्लोज. लाइट तोच चालतो आणि पाचाचे तीन सेटअप होतात. खरी बचत एवढीच.

एका कॅमेऱ्याने करणार असाल तर आधी मास्टर, मग एका बाजूचं सगळं संपवूनच दुसऱ्या बाजूला वळा. आणि कंटिन्युइटीला, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये हालचाली आणि वस्तू जुळतात का हे पाहायला, एक माणूस वेगळा नेमा. मास्टरमध्ये नटीने ‘पण तू’ म्हणताना कप उचलला आणि क्लोजमध्ये वाक्य संपल्यावर उचलला, तर त्या वाक्यात कापता येत नाही. कोणत्या शब्दावर, कोणत्या हाताने आणि कपात चहा कुठपर्यंत, हे स्क्रिप्टच्या समासात पेन्सिलीने लिहा. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. फोटोत हात दिसतो, शब्द दिसत नाही.

लहान मूल, कुत्रं, फुटणारी बशी, खरोखरचं रडणं : इथे मात्र भाड्याचा दुसरा कॅमेरा वसूल होतो.

प्रश्न : जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांत सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळ का दिसतात? (ठाणे)

उत्तर : कारण तीन कॅमेऱ्यांना एकाच वेळी पटेल असा एकच प्रकाश लावायचा असतो. 1951 साली ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांसमोर, 35 मिमी फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी ती चित्रित व्हायची. छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड, ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट टिपणाऱ्यांपैकी एक. सावल्यांच्या या उस्तादाने इथे जवळपास सगळे दिवे वर टांगले, म्हणजे खालची जमीन कॅमेऱ्यांच्या गाड्यांना मोकळी. मधल्या कॅमेऱ्यावर रुंद लेन्स, बाजूच्या दोघांवर क्लोजसाठी 3 ते 4 इंची. मधेच थांबून लाइट बदलायची सोय नाही, मग उजेडाचा फरक त्यांनी भिंती आणि वस्तू करड्या छटांत रंगवून साधला. सपाट प्रकाश हा तिथे आळस नव्हता, हशा तुटू न देण्याची किंमत होती. रोज एक भाग द्यायचा असलेल्या आपल्या मालिकाही हीच किंमत मोजतात, हशा नसतानाही.

प्रश्न : दोन मोबाइलवर मुलाखत घेतली तर जमेल का? (मडगाव)

उत्तर : जमेल. मोबाइल मुळात 30 फ्रेमवर असतो आणि आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केला की 25 फ्रेमचा पर्याय मिळतो, तो निवडा. अँड्रॉइडवर मॅन्युअल ॲप घ्या आणि शटर 1/50. मोबाइलची फ्रेमसंख्या उजेडाप्रमाणे वरखाली होते, म्हणून संकलनाआधी ‘हँडब्रेक’ या फाइल बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर 25 करून घ्या. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत दोन्ही क्लिप निवडून मल्टिकॅम क्लिप बनवताना ‘साउंड’ने जुळवायला सांगा. दोन्ही फोन विमान मोडवर टाका. चालू मुलाखतीत फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं.