पैसा खर्च झाला, मग दोष मालकांचा कसा?

आपला प्रश्न मी समजलो तो असा : मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१३ पासून खेळाडूंच्या खरेदीवर १०० कोटी पौंडांहून कितीतरी अधिक रक्कम खर्च केली आहे. मालक कंजूष असते तर एवढा पैसा बाहेर पडला नसता. मग चुकीचे खेळाडू मागणाऱ्या मॅनेजरांना (संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना) सोडून जुने पाठीराखे अजूनही मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबालाच का धारेवर धरतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याला चिडून उत्तर देणे बरोबर होणार नाही. मी १९९९च्या मे महिन्यात, कोल्हापुरात एका मित्राच्या घरी मध्यरात्र उलटून गेल्यावर, बायर्न म्युनिकविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, तो अंतिम सामना पाहिला, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी केलेल्या दोन गोलांनी मला या क्लबशी कायमचे बांधून टाकले. त्यानंतरच्या वर्षांत जे पाहिले आणि वाचले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की मालक आणि खेळाडूंची भरती या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. भरतीतला गोंधळ हा मालकीच्या पद्धतीतूनच जन्मला आहे.

आधी हा पैसा कोणाचा, ते पाहू. माल्कम ग्लेझर यांनी मे २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला. त्यातली निम्म्याहून बरीच अधिक रक्कम कर्जाऊ होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर काढलेला होता. तोवर क्लबच्या डोक्यावर कर्ज नव्हते. म्हणजे क्लब विकत घेण्याची किंमत क्लबनेच फेडायची, अशी ती व्यवस्था होती. काही कर्जांचा व्याजदर १४.२५ टक्के होता आणि २०१० मध्ये तो १६.२५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जुनी कर्जे भागवण्यासाठी ५० कोटी पौंडांचे रोखे काढावे लागले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात २०१२ साली शेअर विकले तेव्हा आलेल्या पैशांपैकी निम्मे कुटुंबाकडे गेले. शिवाय कुटुंबाच्या प्रत्येक शेअरला दहा मते आणि सामान्य गुंतवणूकदाराच्या शेअरला एक, अशी रचना करून ताबा हातातच ठेवला गेला. पुढे २०२२पर्यंत बहुतेक वर्षी २ कोटी पौंडांहून अधिक लाभांश वाटला गेला. व्याज, लाभांश आणि इतर खर्च मिळून क्लबमधून बाहेर गेलेली रक्कम १०० कोटी पौंडांच्या वर जाते. खेळाडूंवर खर्च झालेला पैसाही तिकिटांचा, प्रक्षेपणाचा आणि जाहिरातींचा, म्हणजे क्लबच्याच कमाईचा होता. तेव्हा ‘मालकांनी एवढा खर्च केला’ हे वाक्य मला कधीच पटले नाही.

पहिली आठ वर्षे हे कोणाला फारसे जाणवले नाही, कारण मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन होते. त्या काळात पाच लीग विजेतेपदे आली आणि २००८ची चॅम्पियन्स लीगही आली. तरी खुणा दिसत होत्या. रोनाल्डोला २००९ साली ८ कोटी पौंडांना रियाल माद्रिदकडे दिले आणि त्याची सात नंबरची जर्सी विनामोबदला आलेल्या मायकेल ओवेनच्या अंगावर चढली. दुसऱ्या वर्षी क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचे प्रेक्षागृह मालकांच्या निषेधाच्या हिरव्या-पिवळ्या मफलरांनी भरले. हे न्यूटन हीथचे रंग. १८७८ साली रेल्वे कामगारांनी स्थापन केलेल्या मूळ संघाचे. काही पाठीराख्यांनी तर २००५ मध्येच बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला होता. त्या लोकांना तेव्हा उतावळे म्हटले गेले, आणि मीही म्हटले होते. आज ते माझ्यापेक्षा दूरचे पाहत होते असे वाटते.

२०१३चा उन्हाळा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या दहा वर्षांचा नमुना तिथे एकाच वेळी दिसतो. फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबरच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही जागा सोडली. गिल यांचे काम एड वुडवर्ड यांच्याकडे आले. ते बँकिंग क्षेत्रातून आलेले गृहस्थ, ग्लेझर यांच्या खरेदी व्यवहारात सल्ला देणारे आणि प्रायोजक मिळवण्यात निष्णात; पण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा अनुभव त्यांना नव्हता. त्या उन्हाळ्यात ते ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धवट सोडून तातडीच्या व्यवहारांसाठी परतले, अशी बातमी आली आणि आम्ही सगळे आशेने वाट पाहू लागलो. हवे असलेल्या खेळाडूंपैकी थियागो बायर्नकडे गेला, फाब्रेगास आला नाही, एरेराचा व्यवहार शेवटच्या दिवशी फिसकटला. अखेर २ सप्टेंबरच्या रात्री एव्हर्टन क्लबचा मरुआन फेलाइनी २ कोटी ७५ लाख पौंडांना आला. आता यातली मेख पाहा. फेलाइनीच्या करारात २ कोटी ३५ लाख पौंड भरून त्याला सोडवण्याची अट होती आणि तिची मुदत जुलैअखेर संपली होती. नवे मॅनेजर डेव्हिड मोयेस हे आदल्याच मोसमापर्यंत एव्हर्टनचे मॅनेजर होते, त्यामुळे हा खेळाडू कसा आहे हे शोधायला कोणाला कुठे जायचे नव्हते. तरीही महिनाभर वाट पाहून त्याच खेळाडूसाठी ४० लाख पौंड जास्त मोजले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. खेळाडू कसा निघाला हा प्रश्न येथे दुय्यम आहे. कोणाला घ्यायचे, कधी घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवणारे माणूसच क्लबमध्ये नव्हते, हे माझे म्हणणे आहे.

सहा वर्षांचा करार दिलेले मोयेस पुढच्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्यानंतर व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, काही महिने राल्फ रांगनिक, टेन हाग आणि मग अमोरिम. या प्रत्येकाची खेळाची कल्पना आधीच्याहून निराळी होती आणि प्रत्येकाला आपले खेळाडू हवे होते. डि मारिया २०१४ मध्ये सुमारे ६ कोटी पौंडांच्या तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला आला आणि वर्षभरात पॅरिसला गेला. पोग्बाला २०१२ मध्ये आपण हातचा जाऊ दिला, चार वर्षांनी जवळजवळ ९ कोटींना परत आणले, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा विनामूल्य गेला. ॲलेक्सिस सांचेझ जानेवारी २०१८ मध्ये अवाढव्य पगारावर आला. त्याच्या आगमनाची पियानोवाली चित्रफीत सगळ्यांना आठवत असेल, पण मैदानावर ४५ सामन्यांत त्याचे पाच गोल झाले, आणि त्याच्या पगाराच्या आकड्याकडे बोट दाखवून इतर खेळाडूंनी आपापले करार वाढवून मागितले. फुटबॉल संचालक हे पद या क्लबने पहिल्यांदा भरले ते मार्च २०२१ मध्ये! तोवर ‘हा खेळाडू मॅनेजर बदलला तरी आपल्याला हवा असेल का’ असे विचारणे हे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

मी कोल्हापूरचा असल्यामुळे मला हे अधिक बोचते. आमच्याकडे संघ पेठेचा आणि तालमीचा असतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला बसलेला म्हातारा माणूस, पोराला कोणत्या जागी खेळवले आणि बाहेरून आणलेला खेळाडू कशासाठी आणला, हे संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर तोंडावर विचारू शकतो, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधल्या तिसऱ्या पिढीच्या तिकीटधारकाला हा अधिकार नाही. मालक फ्लोरिडात, सभा भागधारकांची, आणि उत्तर कोणीच द्यायचे नाही.

आता मॅनेजरांचा दोष. तो आहे आणि मी तो नाकारत नाही. टेन हाग यांच्या काळात त्यांच्या आधीच्या आयाक्स क्लबशी किंवा डच फुटबॉलशी पूर्वसंबंध असलेले खेळाडू एकामागून एक आले. त्यातला अँटनी २०२२ मध्ये ८ कोटी पौंडांहून अधिक किमतीला आला आणि २०२५ मध्ये बेटिस या स्पॅनिश क्लबला त्याच्या चौथाईच्या जवळपास किमतीत गेला. परंतु मॅनेजरने मागितले म्हणून ती किंमत द्यायची का, हा निर्णय मॅनेजरचा नसतो. लिव्हरपूलचे उदाहरण द्यायला मला आनंद होत नाही, पण ते टाळता येत नाही. त्यांचेही मालक अमेरिकन आणि नफ्यातोट्याचा हिशेब काटेकोरपणे पाहणारे. मात्र त्यांनी मायकेल एडवर्ड्स यांना क्रीडा संचालक नेमले आणि २०१७ मध्ये मॅनेजर क्लॉप यांची पहिली पसंती दुसऱ्या खेळाडूला असताना एडवर्ड्स यांच्या विभागाने सालाहचा आग्रह धरला. मॅनेजरला असे सांगू शकणारा जाणता माणूस नेमणे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे, एवढेच मालकाकडून अपेक्षित असते.

ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथाईहून थोडा अधिक हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. त्यांनी आपला मोठा पैसा क्लबमध्ये घातला, हे ग्लेझर यांनी कधी केले नव्हते, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण निर्णयांची रीत तीच राहिली. जुलै २०२४ मध्ये टेन हाग यांचा करार वाढवला, त्यांच्या पसंतीचे खेळाडू आणले आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढले. क्रीडा संचालक म्हणून मोठ्या प्रतीक्षेनंतर आलेले डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेले. या दोघांच्या जाण्याचा खर्च मिळून सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड झाला. त्याच वर्षी काटकसर म्हणून सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि मोसमाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांची किंमत लहान मुले आणि निवृत्त वृद्ध यांनाही सवलत न देता ६६ पौंड करण्यात आली. कर्मचाऱ्यांची आणि वृद्ध प्रेक्षकांची यात काय चूक होती, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. आपला जॅडन सांचो उसना म्हणून चेल्सीच्या जर्सीत खेळत असताना त्याच्या खरेदीचे हप्ते आपण त्याच्या आधीच्या क्लबला, डॉर्टमुंडला, देत होतो. जुन्या चुकांची परतफेड अशी वर्षानुवर्षे चालते.

सगळ्यात जास्त लागले ते स्कॉट मॅकटोमिनेचे जाणे. लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला हा मुलगा ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांना इटलीच्या नापोली क्लबला दिला गेला. यात हिशेबाचे एक गणित आहे. बाहेरून विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची पडते, घरच्या खेळाडूला खरेदीची किंमतच नसते. त्यामुळे त्याच्या विक्रीची सारी रक्कम ताळेबंदात नफा म्हणून दिसते. खर्चमर्यादेच्या नियमांत बसण्यासाठी, महागात पडलेल्या परक्या खेळाडूंचा खड्डा भरायला घरचा खेळाडू विकला जातो तो याच कारणाने. २१ मे २०२५ला बिल्बाओत टॉटनहॅमविरुद्ध युरोपा लीगचा अंतिम सामना होता. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. मध्यंतराच्या थोडे आधी ल्यूक शॉच्या अंगाला लागून उडालेला चेंडू ब्रेनन जॉन्सनच्या पायाच्या आसपास घुटमळत गोलात गेला आणि उरलेला सगळा वेळ आपला संघ त्या एका गोलाची भरपाई करू शकला नाही. त्या मोसमात आपण लीगमध्ये ४२ गुणांसह पंधराव्या स्थानावर राहिलो. दोनच दिवसांनी नापोली काल्यारीविरुद्ध विजेतेपदासाठी खेळत होते. पहिला गोल मॅकटोमिनेने हवेत आडवे होऊन मारला, दुसरा लुकाकूने केला. दोघेही आपण विकलेले. नापोली विजेते झाले आणि मॅकटोमिने इटालियन लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी तो गोल पुन्हा पुन्हा पाहिला. आनंद झाला, आणि डोळ्यांत पाणीही आले.

मैदानाचेही तेच. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धचा सामना संपल्यावर पावसाने ओल्ड ट्रॅफर्डचे छत अक्षरशः धबधब्यासारखे गळताना जगाने पाहिले. एवढी वर्षे व्याज आणि लाभांश वेळेवर गेले, छताकडे पाहायचे राहून गेले.

पाठीराख्यांच्या हातात काही आहे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर ती दोन दिवसांत कोसळली. २ मे रोजी तर पाठीराखे थेट मैदानात शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. इंग्लंडमध्ये २०२५ साली झालेल्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला असून, त्यामुळे मालकांची पात्रता तपासली जाईल आणि क्लबचे रंग, बोधचिन्ह आणि मैदान यांना काही संरक्षण मिळेल. मात्र कोणता खेळाडू किती किमतीला घ्यावा हे कोणताही नियामक ठरवणार नाही, ते मालकाने नेमलेल्या माणसांवरच राहील. म्हणून नव्या खेळाडूची बातमी आली की मी किंमत सर्वांत शेवटी वाचतो. आधी त्याचे वय आणि कराराची वर्षे पाहतो, मग तो आल्यामुळे अकादमीतल्या कोणत्या मुलाची वाट अडते ते पाहतो, आणि मग त्याला निवडणारा माणूस दोन वर्षांनी क्लबमध्ये असेल का याचा अंदाज घेतो. पुढच्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरावीक मुदतीत, आपणही हे करून पाहा आणि काय आढळले ते येथे अवश्य लिहा.