नावडते बिशप निवृत्त झाले. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं? निरोपाला जावं का, आणि आता पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या बिशपांचा राजीनामा मंजूर झाल्याचं कळल्यावर आई रडली, भावाने संत्रा बर्फी वाटली आणि तुम्ही इथे नागपुरात बसून दोघांचे फोन घेताय. निरोपाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जा. आईसाठी जा, आणि भावाला बर्फी जपून ठेवायला सांगा, कारण त्याला वाटतंय तसं अजून काही झालेलं नाही.

आधी पुढे काय होतं ते. 75 पूर्ण झाले की बिशपाने पोपना राजीनामा पाठवायचा, हा कॅनन 401, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम. पाठवला म्हणून पद जात नाही. मंजुरी कळेपर्यंत तेच बिशप, आणि मंजुरीला महिने लागोत की दोन वर्षं, कुणी विचारू शकत नाही. मंजुरीची बातमी रोममध्ये दुपारी 12 वाजता सुटते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात 3:30 आणि हिवाळ्यात 4:30. त्याआधी व्हॉट्सॲपवर फिरणारी नावं वाचू नका.

आता दोन वाटा. त्याच दिवशी नव्या बिशपांचं नाव आलं, तर जुने बिशप बहुतेकदा ॲपोस्टोलिक ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे पोपने नेमलेले प्रशासक, म्हणून तिथेच राहतात, नवे येऊन ताबा घेईपर्यंत. नव्यांना ताब्यासाठी मुदत असते: आधीच बिशप असतील तर दोन महिने, फादर असतील तर चार. नाव आलंच नाही आणि रोमनेही कुणाला नेमलं नाही, तर खुर्ची रिकामी. मग कॉलेज ऑफ कन्सल्टर्स, म्हणजे सहा ते बारा फादर, आठ दिवसांत एक प्रशासक निवडतात. व्हिकार जनरलचं, म्हणजे कारभारात बिशपांच्या मुख्य सहायकाचं, पद आपोआप संपतं, प्रीस्ट्स कौन्सिल, म्हणजे फादरांचं सल्लागार मंडळ, बरखास्त होते. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत पोपनंतर बिशपांचं नाव घ्यायची जागा कोरी जाते. नागपूरकरांना हे नवीन नाही. एप्रिल 2018 मध्ये आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा 75 पूर्ण व्हायच्या आतच वारले, आणि आर्चबिशप एलियस गोन्साल्विस यांचं नाव आलं ते डिसेंबरमध्ये. मधला सगळा काळ सदरचं कॅथेड्रल आर्चबिशपांविना होतं.

तुमच्या भावाची बर्फी बहुधा फादरांच्या बदलीच्या आशेने आहे. खुर्ची रिकामी होऊन वर्ष उलटल्याशिवाय प्रशासकाला नवा पॅरिश प्रीस्ट, म्हणजे एका पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) मुख्य फादर, नेमता येत नाही. फार तर तात्पुरता माणूस बसवता येतो. शिवाय खुर्ची रिकामी असताना काही नवं करायचं नाही, हा नियम आहे. कागद काढून नेणं, फाडणं, त्यात फेरफार करणं तर कुणालाही सक्त मना.

मुळात लोकांचं बिशपाशी वाकडं का असतं, ते एकदा नीट मांडून घ्या. नातवाला कॉन्व्हेंटमध्ये ॲडमिशन मिळाली नाही हा एक राग. मराठी मिस्सा पहाटे ढकलून इंग्रजीला चांगली वेळ दिली, हा दुसरा. आवडत्या फादरांना कुठल्या तरी कोपऱ्यात पाठवलं, हा तिसरा. आणि पैशाचा, जमिनीचा हिशेब दिला नाही, हा चौथा. माझ्या लेखी पहिल्याला काडीची किंमत नाही, कारण तेच लोक ॲडमिशन मिळाली असती तर आज हार घेऊन रांगेत उभे असते. दुसरा खरा आहे, पण तो नव्या बिशपांपुढेही तसाच मांडावा लागेल. तिसऱ्याचं वर बोललो. चौथ्यावर मात्र मी थांबून बोलणार आहे.

मी ज्या धर्मप्रांतातून (एका बिशपाच्या अखत्यारीतल्या भागातून) नागपूरला आलो तिथलं सांगतो. नाव घेत नाही. पॅरिशच्या दफनभूमीला कंपाउंड वॉल नव्हती, पावसाळ्यात डुकरं शिरायची. त्यासाठी वेगळी वर्गणी झाली, पाकिटांवर लोकांनी हाताने 'भिंत' लिहून दिलं. पावत्या मात्र नेहमीच्याच पुस्तकातून फाडल्या, 'उद्देश' हा रकाना रिकामा. भिंत प्लिंथपर्यंत आली आणि बिशप हाऊसचं पत्र आलं की शिल्लक रक्कम धर्मप्रांताच्या खात्यात भरा, तिथे सभागृहाचं काम निघालंय. रक्कम गेली. प्लिंथवर आजही कॉलमच्या सळया उघड्या आहेत, गंजून पापुद्रे सुटलेल्या.

आता यात चुकलं काय, ते क्रमाने. एखाद्या हेतूसाठी दिलेला पैसा त्याच हेतूला लागला पाहिजे, हे कॅनन 1267 मध्ये सरळ लिहिलंय. पण हेतू पाकिटावर होता, पावतीवर नाही, आणि पाकिटं रविवारी संध्याकाळीच कचऱ्यात गेली. सीएने वर्षअखेर जो ताळेबंद केला, म्हणजे परिशिष्ट आठ, त्यात विशिष्ट हेतूच्या निधींची वेगळी ओळ असते. तिथे ही रक्कम दिसायला हवी होती. ती सर्वसाधारण देणग्यांत मिसळली. एकदा ऑडिट होऊन ते कागद धर्मादाय आयुक्तांकडे गेले की 'भिंतीचा पैसा' नावाची गोष्ट कागदावर उरतच नाही.

तरीही दार उघडं होतं. बिशप हाऊसचं पत्र आपल्या पॅरिशच्या नावाने, लेखी आलं असेल, तर ते मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याच बिशपांना लिहायचं: हा निर्णय मागे घ्या किंवा बदला. त्यांनी 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर पुढच्या 15 दिवसांत रोमकडे अपील, आपल्यासारख्या लॅटिन (रोमन रीतीच्या) धर्मप्रांताचं प्रकरण डिकास्टरी फॉर इव्हँजलायझेशन या तिथल्या खात्याकडे जातं. वकील लागत नाही. निर्णयाची प्रत, पोचपावती आणि दोन पानी अर्ज, बस्स. निर्णय तोंडी सांगितला असेल तर आधी तो लेखी मागायचा. सगळ्या पॅरिशना गेलेल्या सर्क्युलरवर मात्र हा मार्ग चालत नाही.

कमिटीत हे मांडलं तेव्हा जे ज्येष्ठ सेक्रेटरी होते त्यांचं एकच पालुपद: "अरे थांब ना, पुढल्या वर्षी 75 होतात. नवे आले की सगळं मिटेल." दहा दिवस असे गेले. बिशप निवृत्त झाले, निरोप झाला, शाल-श्रीफळ झालं. प्रशासक म्हणाले, मला नवं काही करता येत नाही, आणि ते बरोबरच बोलले. नवे बिशप म्हणाले, माझ्या आधीची वर्षं ऑडिट होऊन बंद झालीत, आणि तेही नियमाने बरोबरच होतं. बिशप बदलला की हिशेब सुटतो, असं मानणारे लोक मला आजही भेटतात, सदरला मिस्सानंतर गेटपाशी सुद्धा. त्या सेक्रेटरींसारख्या लोकांनी बिशपांइतकंच नुकसान केलंय, आणि त्यांना निरोप द्यायची सोयही नाही. आर्थिक समिती ही प्रत्येक पॅरिशला सक्तीची आहे, पॅरिश कौन्सिलसारखी ऐच्छिक नाही. खुर्ची रिकामी झाली तरी ती बरखास्त होत नाही. मग तिने वाट कुणाची पाहायची?

म्हणून तुमच्या भावाला हे काम द्या. बर्फीपेक्षा उपयोगाचं आहे. पॅरिशच्या प्रत्येक हेतुनिधीची आजची शिल्लक एका कागदावर काढायची, फादर आणि आर्थिक समितीच्या सह्या घ्यायच्या, एक प्रत प्रशासकांना देऊन पोच घ्यायची. नवे बिशप आले की तीच यादी त्यांच्या पहिल्या भेटीत द्यायची. ट्रस्टींमध्ये बदल झाला की महाराष्ट्रात 90 दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो, राज्याच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याचं कलम 22. बिशप पदसिद्ध ट्रस्टी असतील तर इथे हमखास घोळ होतो: मधल्या प्रशासकाचा अहवाल कुणी दाखलच करत नाही, मग नव्या बिशपांचा अडकतो, कारण साखळीतली एक कडी गायब. तोवर बँक सही बदलून देत नाही आणि कॅटेकिस्टचं, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्याचं, मानधन लटकतं. या काळात कुणी जमीन किंवा गाळा लीजवर द्यायची घाई करत असेल तर कान टवकारा. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त, बाकी जागा 3 वर्षांपेक्षा जास्त द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, त्याच कायद्याचं कलम 36.

निरोपाच्या वर्गणीचं राहिलं. पावती घ्या आणि त्यावर 'बिशपांना निरोपाची भेट' असं लिहून घ्या. कारण पदावरच्या माणसाला दिलेली भेट ही पदाला, म्हणजे धर्मप्रांताला दिली असंच धरलं जातं, तसं नाही हे दाखवता आलं नाही तर. एके ठिकाणी निरोपाची गाडी अशीच बिशप हाऊसच्या गॅरेजमध्ये राहिली होती. ज्यांना माणूस आवडत नव्हता त्यांना बरंच वाटलं, ज्यांनी प्रेमाने दिली त्यांना नाही.

आईला सांगा, ते बिशप राहतातच. फक्त धर्मप्रांत त्यांचा राहत नाही. त्याच धर्मप्रांतात राहायचा त्यांना हक्क आहे, त्यांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी आधी त्याच धर्मप्रांतावर, आणि उद्या आपल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं जाण्याचा मानही निवृत्तांना आहे. त्या रडल्या यात काही चूक नाही. पैशाच्या बाबतीत वाईट वागलेला माणूस आजाऱ्याच्या उशाशी तास तास बसलेला असू शकतो.

आणि हो, काही गोष्टी उशिरा आठवल्या. वरचं सगळं लॅटिन धर्मप्रांताचं. तुमचं गाव चांद्याच्या बाजूचं आणि पॅरिश सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पौर्वात्य रीतीची कॅथलिक, असेल, तर त्यांची 1990 ची वेगळी संहिता आहे, कलमांचे आकडे जुळणार नाहीत. दहा दिवस म्हणजे तुम्हाला निर्णय कळल्यापासूनचे, पत्रावरच्या तारखेपासूनचे नाहीत. पाकीट आणि पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. आणि सगळेच बिशप पैसे वळवतात असं माझं म्हणणं नाही. बरेचदा बिचाऱ्यांना माहीतही नसतं की पाकिटावर भिंत लिहिलं होतं. पावतीवर लिहा.