पानिपतचे युद्ध की पानिपतची लढाई?

नाशिकरोडहून एका ताईंनी विचारले आहे : नववीतल्या मुलीने उत्तरपत्रिकेत ‘पानिपतचे तिसरे युद्ध’ लिहिले. बाईंनी ‘युद्ध’भोवती लाल गोल करून वर ‘लढाई’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. यात चुकले काय?

ताई, बाईंच्या म्हणण्याला आधार आहे, पण गुण कापावा इतका तो पक्का नाही.

आजच्या इतिहासलेखनातली ढोबळ रीत अशी, की जागेच्या नावाने लढाई आणि सत्तांच्या नावाने युद्ध. रशिया-जपान युद्ध फेब्रुवारी १९०४ मध्ये पेटले आणि सप्टेंबर १९०५ मध्ये तह होऊन मिटले. त्याचा निकाल लागला तो सुशिमाच्या समुद्रात, २७ आणि २८ मे १९०५ या दोन दिवसांत. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेल्या रशियन आरमाराची जपानी नौसेनापती तोगोने तिथे धूळधाण केली. दीड वर्षाचे ते युद्ध, दोन दिवसांची ती सुशिमाची लढाई. तसेच आपल्याकडचे १८१७-१८ चे तिसरे इंग्रज-मराठा युद्ध. खडकी, कोरेगाव, महिदपूर, आष्टी या त्यातल्या लढाया.

त्याच युद्धात नाशिक जिल्ह्यात मात्र गाजले ते वेढे. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला, मग मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला. आतल्या अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर दाद दिली नाही. आपण ‘मालेगावचा वेढा’च म्हणतो. क्रियापदेही बघा : युद्ध पुकारतात, मोहीम काढतात, लढाई देतात, वेढा घालतात. नामांपेक्षा ही क्रियापदेच मला जास्त नेमकी वाटतात.

या रीतीने १४ जानेवारी १७६१ चे पानिपत ही लढाईच. सकाळी तोंड लागले, संध्याकाळपर्यंत सगळे संपले.

पण ही वाटणी जुन्या मराठीत नाही. साल्हेरचा किल्ला बघा, आपल्याच बागलाणातला. १६७२ मध्ये साल्हेरला मोगलांचा वेढा पडला असताना एका बाजूने प्रतापराव गुजर आणि दुसरीकडून मोरोपंत पिंगळे चालून गेले आणि उघड्या मैदानात मोगलांचा मोड केला. जागा एक, दिवस एक. आजच्या हिशेबाने लढाईच. शिवचरित्र लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत काय लिहितो? ‘चार प्रहर दिवस युद्ध जाहले.’ त्याच्या लेखी युद्ध म्हणजे प्रत्यक्ष झुंजण्याची क्रिया. संस्कृत ‘युध्’ धातूचा अर्थही तोच, लढणे. म्हणून तर दोघांच्याच झुंजीला आपण गदायुद्ध, मल्लयुद्ध, द्वंद्वयुद्ध म्हणतो. तिथे वर्षे किंवा सत्ता मोजत नाही. माझ्या मते इंग्रजीतला इतिहास मराठीत आणताना तिथल्या दोन शब्दांना दोन प्रतिशब्द हवे होते, तेव्हा ही वाटणी घट्ट झाली. ती सोयीची आहे, मीही पाळतो. पण न पाळणाऱ्याचे मराठी चुकले असे म्हणता येत नाही.

‘लढाई’ तरी कुठे काटेकोर आहे? पालखेडची लढाई म्हणून आपण जी शिकतो, त्या फेब्रुवारी १७२८ च्या प्रसंगात बाजीरावाने निजामाला असे कोंडले, की त्याची रसद तुटली आणि पाण्यावाचून हाल झाले. दोन्ही फौजा मोठ्या हातघाईला आल्याच नाहीत. मार्चच्या सुरुवातीला मुंगी-शेवगावचा तह झाला. तरी नाव लढाईच! (हे पालखेड वैजापूरजवळचे. दिंडोरीकडे कादवेवर धरण आहे ते पालखेड वेगळे. नाशिककरांची इथे हमखास गल्लत होते, म्हणून सांगून ठेवतो.)

याच ‘लढणे’तून निघालेला ‘लढा’ मात्र कुणी रणांगणाला लावत नाही. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला पंचवटीत सुरू झालेला तो लढा. काही वर्षे चालला, तरी त्याला ना लढाई म्हणतात ना युद्ध. हक्कासाठी, शस्त्रावाचून आणि चिकाटीने जे चालते त्याला हा शब्द. ही सीमा मराठी माणूस न शिकवता पाळतो.

मुलीला सांगा, पेपरात ‘पानिपतची तिसरी लढाई’ लिहीत जा, रूढ नाव तेच आहे. आणि बाईंना भेटाल तेव्हा साल्हेरचे ते वाक्य आवर्जून दाखवा. त्यांनाही आवडेल.