कोरडी वाइन आणि मिसळीचा बेत

प्रश्न : ताई, आम्ही जर्मनीत न्यूरेनबर्गजवळ राहतो. येत्या रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब बायकोसह जेवायला येणार आहेत. मागच्या खेपेला त्यांनी एक चपटी, पोट सुटलेली बाटली दिली होती, तीच उघडावी म्हणते. तिच्यावर 'सिल्वानर ट्रॉकन' असं लिहिलंय. ट्रॉकन म्हणजे कोरडी, पण वाइन कोरडी कशी असेल? आम्ही शाकाहारी आहोत. मिसळ केली तर चालेल का?

उत्तर : मिसळ नको! हा धडा मी स्वतः शिकले आहे. वुर्त्सबुर्गला नवीन होते तेव्हा शेजारच्या आजी-आजोबांना हौसेनं मिसळ वाढली आणि सोबत हीच वाइन. आजोबांचे कान लाल झाले, आजी तर पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच बसल्या. तिखटावर दारू पडली की जीभ जास्त पोळते, आणि ती आग शमवायला कोरड्या वाइनमध्ये गोडवा नसतो.

कोरडी म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली. द्राक्षाच्या रसातली साखर आंबताना संपते आणि लिटरमागे जेमतेम 4 ग्रॅम उरते. आंबटपणा भरपूर असेल तर कायद्यानं 9 ग्रॅमपर्यंतही 'ट्रॉकन' म्हणता येतं. आमच्या फ्रांकनमधली, म्हणजे न्यूरेनबर्ग-वुर्त्सबुर्गच्या या भागातली, जुनी मंडळी मात्र 4च्या वर गेलं की नाक मुरडतात. 'श्पेटलेझं' हा शब्द दिसला की अनेकजण बाटली गोड आहे असं धरून चालतात, पण तो शब्द द्राक्षं किती पिकल्यावर तोडली ते सांगतो. वाइन गोड की कोरडी हे त्यावरून ठरत नाही.

तुमची ती पोट सुटलेली बाटली म्हणजे बॉक्सबॉयटेल, फ्रांकनची ओळखच. सिल्वानर ही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची जात. तिची रोपं ऑस्ट्रियाहून आली आणि 1659 साली इथल्या कास्टेल गावात लावली गेली. रीस्लिंग या दुसऱ्या द्राक्षाच्या वाइनसारखा सिल्वानरचा वास लांबून येत नाही, आंबटपणाही बेताचा. म्हणूनच हलक्या चवीच्या भाजीला ती झाकून टाकत नाही.

आणि आत्ता पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पार्गलचा हंगाम आहे! 24 जूनला तो संपतो, तेव्हा बाजारातून आजच आणा. शेंडा सोडून खालची साल नीट सोला, नाहीतर दोरे दाताखाली येतात. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा गोळा घालून उकडा. वरून वितळलेलं लोणी, सोबत उकडलेले नवे बटाटे. सालं टाकू नका, त्यांचं सूप होतं. इथले लोक सोबत हॅम खातात. तुम्ही त्याऐवजी आपलं काहीतरी ठेवा.

मी ठेवीन ओल्या नारळाची मटार उसळ, मिरची नेहमीच्या निम्मी. नाहीतर दुधीची भाजी, जिरं आणि खोबरं घालून. कोथिंबीरवडी तर या वाइनबरोबर मला फारच आवडते, फक्त तळताना जास्त लाल करू नका. गोडा मसाला जपून, आणि लोणचं टेबलावर आणूच नका. त्याच्यापुढे वाइन पाण्यासारखी लागते.

बाटली तासदोन तास फ्रीजमध्ये राहू द्या. फार गार केली तर चवच कळणार नाही, म्हणून वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. ग्लास अर्ध्याच्याही खाली भरा. वुर्त्सबुर्गच्या जुन्या पुलावर संध्याकाळी लोक असाच एकेक ग्लास हातात धरून माइन नदीकडे बघत उभे असतात. ग्लासची अनामत ठेवायची, पिऊन झालं की परत घ्यायची.

श्रीखंड करणार असाल तर वाइनचे ग्लास उचलल्यावरच वाढा. गोडावर ही वाइन नुसती आंबट लागते आणि साहेबांना वाटेल, आपणच दिलेली बाटली खराब निघाली.